मुंबई आणि नागपूर या दोन्ही शहरांचं वार्षिक सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास आहे. मग मुंबईहून नागपूरला बदली झाली तर हवामानात फारसा फरक पडणार नाही ना?

खूप फरक पडेल. माझा जन्म नागपूरचा, शिक्षणही तिथलंच, आणि गेली बारा वर्षं मुंबईत राहतोय. दोन्हीकडचे उन्हाळे अंगावर काढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही पाहिलेला आकडा बरोबरच आहे, पण तो तयार कसा होतो ते बघा. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवून दोनाने भागायचं, ही झाली दिवसाची सरासरी. अशा वर्षभराच्या दिवसांची सरासरी म्हणजे तुमचे २७ अंश. आता नागपुरातला मार्चअखेरचा दिवस घ्या. दुपारी ३८, पहाटे २०, सरासरी २९. मुंबईत एप्रिलमध्ये दुपारी ३३ आणि पहाटे २५, सरासरी पुन्हा २९. कागदावर दोन्ही दिवस एकच. प्रत्यक्षात मात्र नागपुरात त्या पहाटे गच्चीवर झोपलेल्या माणसाला चादर ओढावीशी वाटते आणि दुपारी डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडवत नाही. मुंबईत पहाट काय न् दुपार काय, पंखा चालूच.

वर्षाचंही तेच गणित. मुंबईत जानेवारीची सरासरी २४ च्या आसपास आणि मे महिन्याची ३० च्या जरा वर, म्हणजे सगळ्यात थंड आणि सगळ्यात गरम महिन्यात सहा-सात अंशांचंच अंतर. नागपुरात डिसेंबर-जानेवारी २०-२१ वर असतो आणि मे ३५ च्या वर जातो, अंतर पंधरा अंशांचं. शाळेच्या भूगोलात आपण ‘सम आणि दमट’, ‘विषम आणि कोरडे’ असे शब्द पाठ केले होते ना, ते हेच. टोकं बघायची तर नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५. एकाच गावात ४४ अंशांचा पल्ला!

हे घडवतो समुद्र. पाणी तापायला जमिनीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते, शिवाय लाटांनी ती खोलवर मिसळत राहते. जमिनीचा फक्त वरचा थर तापतो, म्हणून तो चटकन तापतो आणि रात्री चटकन निवतो. नागपूर कुठल्याही समुद्रापासून पाचशे किलोमीटरहून लांब आहे.

पण नुसता समुद्र शेजारी असून भागत नाही, वारा तिकडून यायला हवा. मुंबईत दुपारी खारा वारा सुटतो तो पारा धरून ठेवतो. मार्च-एप्रिलमध्ये कधी पूर्वेकडचा, जमिनीवरचा वारा जोर धरतो, खारा वारा उशिरा येतो, आणि त्या दिवशी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत पारा चाळिशीला टेकतो. १४ एप्रिल १९५२ ला तिथे ४२.२ अंश नोंदलेत. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना दुसरं उदाहरण लगेच पटेल. सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्क, दोन्ही समुद्रकाठची, वार्षिक सरासरी १३-१४ अंश. पण सॅन फ्रान्सिस्कोत वारा समुद्रावरून येतो, म्हणून जानेवारी १०-११ वर आणि सगळ्यात उबदार सप्टेंबरसुद्धा १७-१८ वर. न्यूयॉर्कला वारा बहुतेक खंडाच्या आतल्या बाजूने येतो, त्यामुळे जानेवारी शून्याच्या जेमतेम वर आणि जुलै २५ वर. एका घरी स्वेटर बारा महिने हाताशी, दुसऱ्या घरी जाड कोट आणि एसी दोन्ही.

आता दमटपणा. माझ्या मते तुमच्यासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. वेधशाळेत दोन तापमापक शेजारी ठेवतात, एक कोरडा आणि एक ओलं मलमल गुंडाळलेला. ओल्या फडक्यातलं पाणी उडतं तसा तो थंड होतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४३ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओला तापमापक २५ च्या आसपास दाखवतो. मुंबईत ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर तोच २७-२८ दाखवतो. दहा अंशांनी ‘थंड’ असलेल्या मुंबईत ओलं फडकं जास्त गरम! घाम सुकत नाही, जीव नकोसा होतो तो यामुळे. कूलरही पाणी उडवूनच हवा गार करतो, तेव्हा नागपुरात घरोघरी तो का असतो, तेही यात आलं. एप्रिल लागला की आमच्याकडे कूलर पुसून त्यात नवीन खस भरायची. पहिल्यांदा पाणी सोडलं की घरभर मातीचा आणि खसाचा गार वास. मुंबईला आलो तेव्हा हौसेने कूलर सोबत आणला होता. खोलीत फक्त दमट हवा फिरायची, भिंतीला ओल आली. महिनाभरात विकून टाकला.

आई गच्चीवर कुरडया घालायची, त्या संध्याकाळपर्यंत कडकडीत वाळायच्या. मुंबईत त्यांना दोन-तीन दिवस लागतात.

झाडांनाही हा फरक कळतो. नागपूरच्या संत्र्याला रंग चढतो तो थंडीच्या गार रात्रींमुळे. रात्री उबदारच राहिल्या तर साल बरीचशी हिरवी राहते. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात, त्यालाही तो कोरडा उन्हाळाच लागतो.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र दोन्ही शहरं २७-२८ वर येतात. ढग असतात, दिवस-रात्रीचा फरक कमी होतो, आणि नागपुरातही कूलर निरुपयोगी होऊन चिकचिक सुरू होते. पाऊस मुंबईच्या निम्माच, वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर. तुम्हाला ओळखीचं वाटेल असं नागपूर एवढंच.

तेव्हा वार्षिक सरासरी बाजूला ठेवा आणि दर महिन्याचं कमाल, किमान आणि दुपारची आर्द्रता पाहा. कूलर तिथेच घ्या. वरच्या मजल्यावरचं, थेट गच्चीखालचं घर शक्यतो टाळा, मे महिन्यात स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो. घरात लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर दुपारी बारा ते चार त्यांना बाहेर काढू नका. कोरड्या हवेत घाम आल्याचं कळतसुद्धा नाही, म्हणून तहान लागायची वाट न बघता पाणी, ताक, कैरीचं पन्हं देत राहा. रजया आणि स्वेटर मुंबईतून नेले नाहीत तरी डिसेंबरच्या आधी घ्यावेच लागतील. आणि रुजू होण्याची तारीख थोडीफार तुमच्या हातात असेल तर नोव्हेंबर मागून घ्या. बाजारात आंबिया बहाराची, म्हणजे थंडीच्या शेवटी फुललेल्या झाडांची, संत्री आलेली असतात, सकाळी हवेत गारवा असतो, आणि मे यायच्या आधी अंगाला सवय व्हायला सहा महिने मिळतात.