फ्यूजवरचा बाण

प्रश्न : अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बाणाची खूण असलेला महागडा फ्यूज बसवला. तोच उलटा करून घातल्यावर आवाज जास्त मोकळा वाटला. फ्यूजला खरंच दिशा असते का?

उत्तर : नाही. मेन्सचा (घरातल्या विजेचा) प्रवाह ५० हर्ट्‌झला सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो. मग बाण कुठल्या बाजूचा मानायचा? आत नुसती बारीक तार असते, एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा डायोड नव्हे. फरक पडला असेलच, तर तो काढ-घाल केल्यामुळे : फ्यूज धरणाऱ्या क्लिपवरचा ऑक्साइडचा थर खरवडला जातो, सैल संपर्क सुधारतो. प्लग काढा, कपॅसिटर (आतले वीज साठवणारे भाग) रिकामे होऊ द्या आणि फ्यूज काढून पुन्हा त्याच दिशेने बसवून ऐका. खात्रीच करायची तर दुसऱ्या कुणाला नाणं उडवून दिशा ठरवू द्या, तुम्हाला न सांगता. व्हॉल्यूमला हात लावायचा नाही. १० पैकी ९ वेळा बरोबर ओळखलंत तर पुढे बोलू. ५-६ तर नाणंही ओळखतं.

क्लिप कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा, एवढं पुरे. फ्यूज मात्र मूळ रेटिंगचाच हवा. ‘टी ३.१५ ए’ म्हणजे ३.१५ अँपिअरचा स्लो-ब्लो, क्षणिक झटका सोसणारा. तिथे ‘एफ’ (फास्ट, लगेच उडणारा) घातलात तर टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर चालू होतानाच्या झटक्याने तो उडू शकतो. त्यावर उपाय म्हणून जास्त अँपिअरचा घालू नका. बिघाड झाला तर फ्यूजआधी ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.