आजीला 'नको' ऐकू का येत नाही?

प्रिय मनू,

विमानात तू विचारलंस, "मी तीनदा नको म्हटलं, तरी आजी वाढतच का होती?" मी झोपेचं सोंग घेतलं. आता लिहिते.

आपल्याकडे पहिला 'नको' कुणी खरा धरत नाही, तो भिडेचा. दुसरा लाजेचा. ताटावर आडवा हात धरलास की 'बरं, अर्धीच घे'वर तडजोड होते. वर 'ताटात टाकायचं नाही' आहेच. म्हणजे वाढायचं तिने आणि संपवायचं तू!

१९७२च्या दुष्काळात आजी बारा वर्षांची होती. रेशनवरची लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, तिच्या भाकरी, त्याही मोजून. तिचा हात सढळ आहे तो तेव्हापासूनचा.

पण तू चार घास जास्त खाल्लेस त्याला एकटी आजी कारण नाही. जॉन डी कॅस्ट्रो या मानसशास्त्रज्ञाच्या १९८९च्या अभ्यासात सोबतीने केलेलं जेवण एकट्याच्या जेवणापेक्षा ४४ टक्क्यांनी मोठं निघालं. गप्पा रंगतात, बसणं लांबतं, हात चालूच राहतो. दुसऱ्या एका प्रयोगात साडेतीन वर्षांची मुलं कितीही वाढलं तरी पोटापुरतंच खात होती. पाच वर्षांची मात्र जास्त वाढलं की जास्त खायची. मधल्या दीड वर्षात आपण पोटाऐवजी ताटाकडे बघायला शिकतो बहुतेक.

आणि मी आग्रहाला नावं ठेवू नयेत हेच बरं. टोरंटोतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात आग्रह करणारं कुणी नव्हतं, आणि आयुष्यात सर्वांत जास्त मी तेव्हाच खाल्लं. बाबा रात्रपाळीला, घर चिडीचूप, मी ओट्यापाशी उभ्याने चिवड्याचा डबा रिकामा करतेय. भूक नव्हती गं. कुरकुर तरी ऐकू यायची. मग अपराधी वाटायचं, दुसऱ्या दिवशी उपाशी राहायचे, आणि रात्री दुप्पट. हे आजीला अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या खेपेला 'नको'ऐवजी 'थोड्या वेळाने घेते' म्हण, तिला ते चालतं. पंगतीत यजमान 'सावकाश होऊ द्या' म्हणतात, ते खरंच मनावर घे. पोट भरल्याचं मेंदूला कळायला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

आजी कधी जेवते, पाहिलंस? सगळ्यांचं उरकल्यावर, स्वयंपाकघरात, एकटी. एकदा तिला शेजारी बसवून तू वाढ. ती किती वेळा 'नको' म्हणते ते मोजून मला कळव.

तुझी,
आई