दोन वर्षं गेममध्ये रेसिंग केलंय, तीन महिन्यांनी कार्टिंगची स्पर्धा आहे. तयारी कशी करू?

गेमचे तास निम्मे करा आणि तो वेळ खऱ्या कार्टवर (म्हणजे छोट्या, उघड्या रेसिंग गाडीवर) आणि व्यायामावर घाला. रेसिंग लाइन (वळणातून सगळ्यात वेगाने नेणारी वाट), ब्रेक कुठे मारायचा, नजर पुढच्या वळणावर ठेवणं, हे गेमने तुम्हाला शिकवलेलं असतं आणि ते खरंच उपयोगी पडतं. जीटी अकॅडमी या गेमरमधून खरे रेसर निवडणाऱ्या स्पर्धेचा २००८चा विजेता लुकास ऑर्डोनेझ प्लेस्टेशनवरून थेट ल मान्सपर्यंत, म्हणजे फ्रान्समधल्या २४ तासांच्या शर्यतीपर्यंत गेला आणि २०११मध्ये आपल्या गटात दुसरा आला. पण मधे त्याला कसून प्रशिक्षण दिलं होतं, हे लोक सोयीस्कर विसरतात.

गेम देत नाही ती गोष्ट म्हणजे अंगाला बसणारा जोर. कार्टला पॉवर स्टिअरिंग नसतं, त्यामुळे दहा मिनिटांत मनगटं आणि दंड भरून येतात, बरगड्या सीटवर आपटतात. मान, पोट आणि पकड यांचा व्यायाम आजपासूनच सुरू करा. भाड्याच्या कार्टला ब्रेक बहुधा फक्त मागच्या चाकांना असतो. वळणात दाबलात की गिरकी ठरलेली. म्हणून ब्रेक सरळ रेषेतच मारा, आणि दोन्ही पेडल एकदम दाबू नका. पहिल्या दिवशी वेळेच्या मागे लागू नका, टायरची पकड कधी सुटते ते पार्श्वभागाला कळू द्या (खरंच, तिथेच आधी कळतं).

स्पर्धा रॅली किंवा ऑटोक्रॉसची (आखलेल्या छोट्या मार्गावर वेळेशी शर्यत) असेल तर मात्र हे पुरणार नाही. तिथे मातीवर, खऱ्या गाडीतच सराव हवा.