डोंगराखालून खोल बोगदा खणताना नेमका धोका कशाचा असतो? ठाणे-बोरिवली बोगद्याची काळजी करावी का?

तुम्ही मानपाड्याला राहता आणि उत्तराखंडमधल्या सिल्क्यारा बोगद्याच्या बातम्या पाहिल्यापासून घराजवळून निघणाऱ्या बोगद्याची धास्ती वाटते, असं लिहिलंय. मी भूशास्त्रज्ञ आहे. मुंबई परिसरातल्या पाण्याच्या बोगद्यांवर खडक तपासायचं काम बरीच वर्षं केलंय, त्या अनुभवावरून सांगते.

आधी खोलीबद्दल, कारण भीती तिचीच जास्त असते. डोक्यावर एक किलोमीटर खडक असेल तर प्रत्येक चौरस मीटरवर साधारण 2,700 टनांचा भार येतो. एवढ्या दाबाखालचा कठीण खडक मोकळा झाला की त्याच्या कपच्या स्फोट झाल्यासारख्या उडतात, आणि खडक मऊ असेल तर बोगदाच हळूहळू आवळत जातो. शिवाय उष्णता. स्वित्झर्लंडच्या 57 किलोमीटरच्या गॉटहार्ड बोगद्यावर काही ठिकाणी 2,300 मीटर डोंगर आहे, तिथे खडक 45 अंशांच्या आसपास तापलेला होता. ठाणे-बोरिवली बोगदा ज्याच्या खालून जातो त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातलं सर्वांत उंच ठिकाण, जांभूळमाळ, 468 मीटर. त्यामुळे निव्वळ खोलीमुळे येणारी ही संकटं आपल्याकडे फारशी नाहीत.

पण म्हणून निर्धास्त राहा असं मी म्हणणार नाही. सिल्क्याराला 12 नोव्हेंबर 2023 ला 41 कामगार अडकले आणि सतराव्या दिवशी सगळे सुखरूप बाहेर आले. तिथला खडक हिमालयाच्या घड्यांमध्ये चुरडलेला, तो बेभरवशाचा हे सगळ्यांना पटतं. तेलंगणात मात्र हिमालय नव्हता. तरी 22 फेब्रुवारी 2025 ला श्रीशैलमच्या डाव्या तीरावरच्या कालव्याच्या बोगद्यात अचानक पाणी आणि चिखल घुसला आणि आठ जण गाडले गेले. बोगद्याचा खरा वैरी म्हणजे खडक जिथे बदलतो ती जागा, आणि तिथे साठलेलं पाणी.

मुंबईखाली अशा जागा पुष्कळ आहेत. आपण सरसकट काळा कातळ म्हणतो, पण लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीसारखा पट्टा राहिला. त्यातच ज्वालामुखीच्या राखेचा खडक म्हणजे टफ, ओबडधोबड तुकडे चिकटून बनलेला ब्रेक्सिया, आणि या सगळ्याला उभे चिरत गेलेले डाइक, म्हणजे भेगांत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या भिंती. डाइकच्या कडेला भेगा असतात, त्यांत पाणी भरलेलं असतं. टफ तर फसवतोच. बोअरमधून काढलेला नमुना पेटीत ठेवताना छान गुळगुळीत दांडका दिसतो, हातोडीला आवाजही बरा देतो. तोच भिजवून वाळवला, पुन्हा भिजवला की बोटाने भुगा होतो. नमुना ताजा असताना फोटो काढून 'खडक चांगला' असा शेरा मारला, तर पुढे बोगद्याचं छत दमट हवेत हळूहळू सुटत जातं, आणि ते कुणाच्या तरी डोक्यावर येतं. या एका गोष्टीवरून मी साहेबांशी अनेकदा भांडले आहे.

एका रात्रपाळीत आम्ही पुढच्या खडकात चाचणीचं लांब छिद्र पाडत होतो. परत येणारं पाणी नेहमीसारखं करडं होतं. मधेच रॉड झरझर आत जायला लागला आणि पाणी विटकरी झालं. नकाशात तो तांबडा थर अजून बराच पुढे दाखवला होता. यंत्रावरच्या काकांनी माझ्या आधी हात वर करून काम थांबवलं. मग आजूबाजूला आणखी छिद्रं पाडून सिमेंटचं पातळ मिश्रण, म्हणजे ग्राउट, भरलं, छताला रॉकबोल्ट, म्हणजे खडक धरून ठेवणारे लांब लोखंडी दांडे, मारले आणि पुढे थोडं थोडंच खणलं. चार-पाच दिवस गेले, वरून फोनवर फोन आले. सुरुंग लावून तसेच पुढे गेलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करते.

ठाणे-बोरिवली बोगदा सुरुंगाने नव्हे, टीबीएमने, म्हणजे खडक कापत पुढे जाणाऱ्या बोगदा खणायच्या यंत्राने खणायचा आहे. हादरे कमी बसतात, ते तुमच्या इमारतींसाठी चांगलंच. पण टीबीएमच्या पुढचा खडक उघडा दिसत नाही, म्हणून पुढे छिद्र पाडून बघणं तिथे जास्तच गरजेचं. शिवाय डोंगराच्या पोटापेक्षा बोगद्याचं तोंड नाजूक असतं. तिथे माथ्यावर खडक थोडा, तोही झिजलेला, आणि पावसाळ्यात पाणी मुरतं. तुमच्या बाजूचं तोंड टिकुजिनीवाडीजवळ आहे, म्हणजे तुमचा प्रश्न रास्तच आहे.

सोसायटीने दोन गोष्टी लेखी मागाव्यात: तोंडाजवळच्या बोअरचे अहवाल, आणि इमारतींवर जमीन खचते का हे मोजणाऱ्या खुणा कुठे बसवल्या आहेत त्याची माहिती. भिंतींना आधीपासून असलेल्या भेगांचे तारखेसकट फोटो काढून ठेवा. आवारात जुनी विहीर किंवा बोअरवेल असेल तर दर रविवारी पाण्याची पातळी मोजून वहीत लिहा. बोगदा पाणी ओढायला लागला तर ते बहुतेक वेळा आधी विहिरीत कळतं, आणि तेव्हा तुमच्याकडे निदान एका पावसाळ्याच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी असायला हव्यात.