चिमणीच्या उजेडाची अर्धी गोष्ट

*मावशी, नमस्कार. आम्ही बारा वर्षांपासून न्यू जर्सीत आहोत. माझं माहेर ठाण्याचं, नवरा धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला. त्याचे वडील लवकर गेले. सासूबाईंनी लोकांच्या शेतात निंदणी केली, कापूस वेचला, इंजिनीअरिंगच्या फीसाठी दोन बकऱ्या विकल्या. आमच्या तेरा वर्षांच्या मुलाला हे सगळं पाठ आहे. परवा तो बापाला म्हणाला, ‘सॉकरला सोडायला ये, पण गाडीतून उतरू नकोस.’ शाळेच्या टीममधली मुलं बाबाच्या इंग्रजीची नक्कल करतात आणि त्याच आवाजात याला हाका मारतात. नवरा चिडला नाही. त्याने पुन्हा रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात शिकल्याची गोष्ट काढली. ‘मी याच्या दसपट ऐकून घेतलंय, तू अभ्यासात लक्ष घाल.’ मुलगा म्हणाला, ‘माहितीये, चिमणी,’ आणि खोलीचं दार लावून घेतलं.*

*ऑफिसातही मागच्या महिन्यात ‘क्लायंटसमोर तुझा ॲक्सेंट नको’ म्हणून मॅनेजरने दुसऱ्याला पुढे केलं. हा गप्प. इथल्या मराठी मंडळात तर तोंडच उघडत नाही. एकदा वड्यांच्या रांगेत तोंडून ‘माले नको’ निघून गेलं, तर दोघंतिघं हसले, आणि एकाने आडनाव दोनदा विचारलं. काय करू? (खरं सांगायचं तर लग्नानंतर पहिली दोन वर्षं मीसुद्धा त्याची मराठी सुधारत होते.)*

मावशी म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते. तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू शेवटी कंसात घातलंयस. ते आधी कंसातून बाहेर काढ आणि नवऱ्यासमोर बोल. माफीचं भाषण नको. ‘मी तुला सुधारत होते ते चुकलं’ एवढं पुरे. वड्यांच्या रांगेतले दोघंतिघं परके होते, तू घरातली होतीस.

मी हे तावातावाने का लिहितेय ते सांगते. १९७८ साली मी धुळ्याहून पुण्याच्या एका कॉलेजात गेले. पत्र्याची ट्रंक, त्यात दोन पातळं, आणि आईने बांधून दिलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. दिवाळीच्या सुट्टीआधी सरांनी विचारलं, कोण कधी जाणार. मी उभी राहून म्हणाले, ‘सर, मी उद्या गावले जास.’ वर्ग फुटला. सर पण हसले, वाईट माणूस नव्हता, पण हसले. त्या दिवसापासून दोन वर्षं माझं नाव ‘जास’. जेवणाच्या मेसमध्ये, लायब्ररीत, जिन्यावर. ‘जास आली का?’ मी काय केलं? तुझ्या नवऱ्याने केलं तेच. गप्प बसले, पहिली आले, आणि बोलण्याआधी प्रत्येक वाक्य मनात तपासून घ्यायची सवय लावून घेतली. ती सवय आजही सुटलेली नाही. पहिला नंबर केव्हाच विसरले.

‘गावले जास’ यात चूक काय होती? काहीच नाही. अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशच्या बोलीत, ‘ला’ नाही, ‘ले’ आहे. मला म्हणजे माले, तुझं म्हणजे तुनं, इथे म्हणजे आठे, मुलगा म्हणजे आंडोर. तिचं स्वतःचं व्याकरण आहे. २०११च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या गटात, ज्यात अहिराणी मोडते, अठरा लाखांहून जास्त लोक होते, आणि लाजेने ‘मराठी’ लिहून मोकळे झालेले वेगळेच. तुझा नवरा बिघडलेली मराठी बोलत नव्हता. त्याच्याकडे एक भाषा जास्त होती, ती आपण सगळ्यांनी मिळून त्याच्याकडून काढून घेतली.

आणि तुमच्या मंडळाची गंमत बघ. महिला दिनाला, नाहीतर मराठी भाषा दिनाला, तिथली कोणीतरी हमखास नऊवारी नेसून बहिणाबाई चौधरींची कविता म्हणत असणार. टाळ्याही पडत असतील. बहिणाबाईंची बोली लेवा, तुझ्या नवऱ्याची अहिराणी. सख्ख्या बहिणी नसतील, पण एका अंगणातल्या शेजारणी आहेत. स्टेजवर ती बोली गोड लागते आणि वड्यांच्या रांगेत हसू येतं, हे मला आजवर कोणी समजावून दिलेलं नाही.

बहिणाबाईंवरूनच मुद्द्यावर येते. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्याला त्यांचा जन्म. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात काम करताना, जात्यावर दळताना त्या ओव्या रचायच्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आपण ही गोष्ट सांगतो ती अशी: निरक्षर बाई, कष्ट, वैधव्य, आणि तरीही केवढी प्रतिभा! ‘तरीही’वर जोर. पण सोपानदेवांनी, म्हणजे त्यांच्या मुलाने, ते शब्द उतरवून ठेवले नसते तर? १९५१ साली त्या गेल्या, त्यांच्याबरोबर ओव्याही गेल्या असत्या. कष्ट तर आसोद्यात घरोघर होते. लिहून घेणारा एका घरात निघाला.

तुझ्या नवऱ्याची गोष्ट अर्धी आहे म्हणते ती याच अर्थाने. चिमणी आहे, बकऱ्या आहेत, हसणारी मुलं आहेत. आणि त्यानंतर एकदम अमेरिका. मधली माणसं कुठे गेली? पोराला ती गोष्ट म्हणून ऐकूच येत नाही. तो फक्त ‘मी सोसलं, तूही सोस’ एवढंच ऐकतो, आणि दार लावतो. मी त्याच्या जागी असते तर मीही लावलं असतं.

मी स्वतः ही अर्धी गोष्ट वीस वर्षं सांगत फिरले. बँकेतून निवृत्त झाल्यावर गावच्या शाळेने बक्षीस समारंभाला बोलावलं. मी रंगात येऊन सांगितलं: आईबाप अडाणी, तीन कोसांची पायपीट, ‘जास’चा किस्सा, मग बँकेतली नोकरी. पोरं टाळ्या वाजवत होती. धाकटी बहीण तिसऱ्या रांगेत बसली होती. परतताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, ‘मी बी तठेच व्हती.’ बस्स, एवढंच. सातवीत तिची शाळा सोडवली होती, कारण मी पुण्याला गेल्यावर घरातलं पाणी, ढोरं आणि आईचं दुखणं बघायला कोणीतरी हवं होतं. माझ्या यशाच्या गोष्टीत वीस वर्षांत तिचं नाव एकदाही आलं नव्हतं.

तुम्हालाही व्हॉट्सॲपवर डॉ. राजेंद्र भारूड यांची गोष्ट आली असेल. तुझ्या सासरच्याच साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातले. जन्माआधी वडील वारले, आई मोहाची दारू विकून घर चालवायची. पुढे ते मुंबईत डॉक्टर झाले, मग आयएएस, आणि कोरोनात नंदुरबारचे जिल्हाधिकारी असताना वेळेत ऑक्सिजनचे प्लांट उभारून त्यांनी जिल्हा सावरला. माणूस मोठाच, त्यात वाद नाही. पण फॉरवर्डच्या शेवटी ‘परिस्थितीचं रडगाणं गाणाऱ्यांनी हे वाचावं’ अशी ओळ असते ना, तिच्याशी माझं भांडण आहे. पोरगा हुशार आहे असं आईच्या कानावर घालणारे शिक्षक त्या गोष्टीत आहेत. नवोदय विद्यालय आहे, म्हणजे खेड्यातल्या मुलांसाठी १९८६ पासून सरकारने चालवलेली, राहण्या-जेवण्यासकट मोफत शाळा. ‘पाठव त्याला’ म्हणणारी आई आहे. हे गाळलं की उरतं काय? ज्याला जमलं नाही तो आळशी, एवढंच. सातपुड्याच्या पायथ्याशी तितकीच हुशार किती पोरं शिक्षक न भेटल्याने ढोरांमागे राहिली, ते कुठल्या फॉरवर्डमध्ये येत नाही.

आता मुलाचं बघू. त्याला बापाची लाज वाटते म्हणून रागावू नकोस. तेरा वर्षांच्या पोराला आईबापाच्या चपलांचीही लाज वाटते. ‘बापाने एवढं केलं आणि तू असा’ हे वाक्य तर तोंडातून काढूच नकोस, त्याने लाज जात नाही, वर अपराधीपणा येऊन बसतो. नक्कल करणाऱ्या मुलांचं मात्र सोडायचं नाही. न्यू जर्सीत २०११ पासून शाळांमधल्या छळाविरुद्ध कडक कायदा आहे आणि मूळ देशावरून केलेली टवाळी त्यात स्पष्ट धरलेली आहे. प्रत्येक शाळेत यासाठी नेमलेला माणूस असतो. तक्रार आल्यापासून शाळेच्या एका दिवसात चौकशी सुरू करावी लागते आणि शाळेच्या दहा दिवसांत संपवावी लागते. तेव्हा गेटवर उभं राहून ‘मुलं जरा चिडवतात हो’ असं म्हणू नकोस. ईमेल लिही. तारीख, जागा, कोण काय बोललं ते जसंच्या तसं. पण आधी मुलाला विचार. त्याला नको असेल तर दोन आठवडे थांब आणि तोवर नोंद ठेव. त्याच्या पाठीमागे जाऊन तक्रार केलीस तर ते दार पुन्हा उघडायला वेळ लागेल.

ऑफिसचं जरा नाजूक आहे. जावई गप्प राहिले म्हणून त्यांना भित्रा समजू नकोस. तुम्ही अजून एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असाल तर नोकरी गेल्यावर हाती जास्तीत जास्त साठ दिवस, हे त्यांच्या डोक्यात चोवीस तास फिरत असणार. मुलाची शाळा, भाड्याचा करार, सगळं त्या साठ दिवसांना टांगलेलं. गावाकडे सावकारासमोर माणूस का गप्प राहतो, तसंच हे.

पण हक्क माहीत असावेत. १९६४च्या नागरी हक्क कायद्यात मूळ देशावरून नोकरीत भेदभाव करायला बंदी आहे आणि उच्चार त्यातच येतो. उच्चारामुळे खरोखरच कामात अडथळा येत असेल तरच मालकाला ते कारण देता येतं, नुसतं ‘बरं दिसत नाही’ चालत नाही. तुम्ही नागरिक नसलात तरी हा कायदा लागू आहे, आणि तक्रार केली म्हणून सूड घेणं हाही कायद्याचा वेगळा भंग धरतात. नोकरीतला भेदभाव बघणाऱ्या केंद्राच्या आयोगाकडे, ज्याला तिकडे ईईओसी म्हणतात, तक्रारीची मुदत १८० दिवसांची, आणि बऱ्याच राज्यांत ३०० दिवसांची असते. म्हणून मॅनेजरचं ते वाक्य आज रात्रीच तारखेसकट लिहून ठेवायला सांग, ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही, घरच्या वहीत. मग नोकरीचे खटले बघणाऱ्या वकिलाशी एकदा बोला. त्यानंतर जावयांनी ठरवलं की आत्ता गप्पच बसायचं, तर तो हिशोब करून घेतलेला निर्णय झाला, आणि त्याला माझा मान आहे. पोराला मात्र तसंच सांगा: ‘ते चुकीचं वागले, मला माहीत आहे, आणि आत्ता मी का थांबलोय ते असं.’ सोसणं हा मोठा गुण आहे असं सांगू नका.

आडनाव दोनदा विचारणाऱ्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण ती ओळ टोचली असणार, नाहीतर लिहिली नसतीस. अमेरिकेपर्यंत सामानाबरोबर आडनावावरून जात काढणंही जातं. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये भेदभावाच्या बंदीत जात हा शब्द घातला तो उगाच नाही. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक मंजूर झालं, पण त्याच वर्षी गव्हर्नरने सही नाकारली. मंडळातल्या त्या गृहस्थांना पुढच्या वेळी तूच हसून विचार, ‘तिसऱ्यांदा सांगू का?’ ठाणेकरणीने विचारलेलं जास्त लागेल, असा माझा अंदाज आहे.

उरली अर्धी गोष्ट. ती पूर्ण करायचं काम मुलाला दे. त्याला ‘बाबाने किती कष्ट केले’ हे विचारायला लावू नकोस, ते त्याला पाठ आहे. दोनच प्रश्न दे: मदत कोणी केली, आणि हसलं कोण. जावई नावं आठवत बसतील. वह्या देणारे कोणी गुरुजी, वसतिगृहातला खोलीमित्र, फॉर्म भरून देणारा पोस्टमन. माझ्या यादीत पहिलं नाव बहिणीचं आलं, आणि ते लिहायला मला साठाव्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागली.

सुरुवात बकऱ्यांपासून करा. आता उन्हाळा आहे, रविवारी तुझ्याकडे सकाळचे नऊ वाजले की साक्रीत संध्याकाळचे साडेसहा वाजतात, सासूबाई ओट्यावर असतील. मुलाने विचारावं, बकऱ्या घेतल्या कोणी, भाव काय दिला, आणि पैसे कमी पडले ते कोणी घातले. म्हातारी अहिराणीत सांगेल. भाषांतर नवऱ्याला करू दे. तू मध्ये काही सुधारू नकोस.