'संशयित आरोपी' म्हणावे की सरळ 'गुन्हेगार'?

प्रश्न दुहेरी आहे. बातम्यांतला 'संशयित आरोपी' हा प्रयोग बरोबर आहे का? आणि माणूस रंगेहाथ सापडला असेल, तर त्याला सरळ 'गुन्हेगार' का म्हणू नये?

पहिल्याचे उत्तर सोपे. ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी. आरोप खरा की खोटा हे त्या शब्दात येतच नाही, म्हणून त्याला 'संशयित' किंवा 'कथित' जोडण्याची गरज नाही. नुसती चौकशी चालू असेल तर 'संशयित', फिर्यादीत किंवा दोषारोपपत्रात नाव आले की 'आरोपी', आणि कोर्टाने तसे ठरवले की 'दोषी'. पण वापरून वापरून 'आरोपी'चाच अर्थ लोकांनी 'गुन्हेगार' करून टाकलाय, आणि मग सावधगिरी म्हणून 'संशयित' चिकटवावे लागते. 'गुन्हा दाखल झाला' या पोलिसी भाषेने त्यात भर पडते. पोलीस नोंदवतात ती फिर्याद, पण वाचणाऱ्याला वाटते की गुन्हा सिद्धच झाला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र शब्दकोशात मिळणार नाही. २६/११ चा खटला घ्या. कसाबचा हातात बंदूक घेतलेला फोटो सगळ्यांनी पाहिला होता. त्याचे वकीलपत्र घ्यायला मुंबईत मोठा विरोध झाला, अखेर कोर्टाने वकील नेमून दिला. 'अशाला वकील कशाला?' असे तेव्हा पुष्कळ जण संतापाने विचारत होते. तो संताप मला समजतो. पण त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपीही होते. हल्ल्याच्या ठिकाणांचे नकाशे पुरवले, असा त्यांच्यावर आरोप होता. असा एक नकाशा मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला, असे सरकार पक्षाचे म्हणणे. खिसा रक्ताने भिजलेला, आणि कागदावर डाग नाही! कोर्टाने तो पुरावा मानला नाही. २०१० मध्ये कसाबला फाशी सुनावली गेली आणि हे दोघे सुटले. पुढे हायकोर्टाने आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही दोन्ही निर्णय कायम ठेवले.

तिघांनाही पहिल्याच दिवशी 'गुन्हेगार' म्हणून मोकळे झालो असतो, तर त्या कागदावर डाग आहे की नाही हे कोणी पाहिले असते? वकील, उलटतपासणी, अपील हे सगळे कसाबला मिळाले म्हणूनच त्या दोघांनाही मिळाले. खरा गुन्हेगार आधी वेगळा काढून फक्त उरलेल्यांना संरक्षण द्यायचे, असे करताच येत नाही, कारण तो कोण हे खटल्यातूनच ठरते. संविधानाच्या कलम २२ मध्ये अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला आहे (काही मोजके अपवाद सोडून), तो याचसाठी.

तेव्हा निकालापर्यंत नुसते 'आरोपी' लिहावे, रंगेहाथ सापडलेल्यालाही. निकालानंतर 'दोषी' किंवा 'गुन्हेगार' जरूर लिहा. आणि जो सुटला, त्याच्या नावामागे 'माजी आरोपी' असे लावत बसू नये.