समुद्र आणि आपण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावातलं मंडळ नारळी पौर्णिमेला जोडून किनारा साफ करायचं म्हणतंय. चाळीसेक माणसं येतील. सकाळी नारळ अर्पण करून लगेच सफाई, असा बेत आहे. तयारी काय लागेल?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : बेत चांगला आहे, पण दिवस बदला. पौर्णिमेला उधाण असतं. त्या दिवशी दुपारच्या सुमाराला भरती भरते, म्हणजे सकाळी सफाई सुरू केलीत की पाणी चढतच राहणार आणि हातात जेमतेम दीड-दोन तास उरणार. शिवाय उधाणाचा जोर पौर्णिमेनंतरही एक-दोन दिवस टिकतो. आज साफ केलेल्या पट्ट्यावर उद्या पुन्हा कचरा येऊन पडतो आणि पोरं हिरमुसतात.

सफाई वद्य चतुर्थी-पंचमीच्या आसपास घ्या. तोवर उधाण ओसरत आलेलं असतं. त्याने वर फेकलेल्या चपला, बाटल्या, थर्माकोल सगळं वरच्या भरतीरेषेवर कोरडं होऊन पडलेलं असतं, आणि अमावास्येच्या उधाणापर्यंत पाणी सहसा तिथवर पोचत नाही. वेळ काढायला आपल्याकडचा जुना हिशेब आहेच : तिथीची पाऊणपट. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती, त्याआधी सव्वासहा तास म्हणजे साडेनऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. सात वाजता सुरुवात केलीत तर पाणी मागे सरत असताना काम होतं आणि ऊन तापायच्या आत, दहापर्यंत, आटोपतं. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताडून घ्या. संकष्टीला बऱ्याच जणांचा उपास असतो, तेव्हा पंचमीच बरी.

चाळीस जणांचे पाच-पाचाचे आठ गट करा. गटात तिघे वेचणारे, एक गोणी धरणारा, एक मोजून लिहिणारा. मोजणी टाळू नका. शंभर मीटरचा एक पट्टा खुंट्या ठोकून ठरवा आणि दर वेळी तोच मोजा : बाटल्या किती, दुधाच्या पिशव्या किती, गुटख्याच्या पुड्या किती, जाळ्यांचे तुकडे किती. ग्रामपंचायतीपुढे फोटोंपेक्षा हा कागद जास्त बोलतो. कचरा समुद्रातून येतोय की गावच्या ओढ्यातून, हेही त्यावरूनच उमगतं. ओढ्याच्या तोंडाशी दुधाच्या पिशव्या जास्त सापडल्या, तर पुढचं काम किनाऱ्यावर नसून गावात आहे.

हातमोजे रबराचा थर दिलेले सुती घ्या. पातळ प्लॅस्टिकचे पहिल्या शिंपल्याला फाटतात. धुतलेल्या खताच्या गोण्या चालतील, पण अर्ध्याच भरा. ओल्या वाळूसकट भरलेली गोणी दोघांनाही उचलत नाही, म्हणून टाकण्याआधी प्रत्येक वस्तू झटकायची. सुया, काचा, ट्यूबलाइटचे तुकडे यांच्यासाठी झाकणाचा जाड डबा वेगळा ठेवा. बंद कॅन किंवा पिंप सापडलं तर उघडू नका, पोलिसांना कळवा. पिण्यासाठी वीस लिटरचे तीन जार आणि स्टीलचे पेले पुरतात. सफाईला आलेल्यांना पाण्याच्या बाटल्या वाटणं तेवढं टाळा.

पावसाळ्यात किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखे जेलीफिश लागतात. मेलेले असले तरी डंख मारतात, तेव्हा मुलांना आधीच बजावा. डंख झाल्यास वाळूने चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा आणि तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवा. दम लागला किंवा चक्कर आली तर थेट दवाखाना.

काय उचलायचं नाही, हेही सांगावं लागतं. मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा उपटू नका, वाळू त्यांनीच धरून ठेवलेली असते. वाहून आलेलं शेवाळ आणि शंखशिंपलेही राहू द्या. जेसीबी तर नकोच : तो कचऱ्याबरोबर वाळू उचलतो आणि उरलेलं प्लॅस्टिक चिरडून खाली गाडतो.

आणि सगळ्यात आधी भंगारवाला आणि ग्रामपंचायतीची गाडी ठरवा, मग पत्रिका छापा. असे उपक्रम फसतात ते बहुतेक इथेच. फोटो निघतात, भाषणं होतात, गोण्या मात्र किनाऱ्यावरच राहतात आणि पुढच्या उधाणात फुटून परत समुद्रात जातात. बाटल्या आणि जाड प्लॅस्टिक भंगारात जातं. पुड्या, थर्माकोल, चपला कोणी घेत नाही, त्यांचं काय करायचं ते ग्रामपंचायतीकडून आधी पक्कं करून घ्या.

नारळ पौर्णिमेलाच वाहा. सोबतच्या हारात प्लॅस्टिकचा धागा आणि जरी नसली म्हणजे झालं.

प्रश्न : मुलांना वेळासला कासव महोत्सवाला न्यायचंय. पिल्लं नक्की दिसतील का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नक्की असं कोणीच सांगू शकत नाही. ऑलिव्ह रिडले कासवाच्या एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. ऊब कमी-जास्त झाली की दिवस सरकतात. म्हणून जाण्याआधी गावात फोन करून कोणती घरटी दिवसात आली आहेत ते विचारा आणि दोन मुक्काम धरा. एका मुक्कामात सकाळ-संध्याकाळ मिळून दोनच संधी मिळतात. दोरीच्या मागे उभं राहा. वाळूत उमटलेलं तुमचं पाऊल पिल्लाला खड्डा होतो. फ्लॅश आणि टॉर्च बंद, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने वळतात. पिल्लू उचलून पाण्यात सोडायचा हट्ट मुलांनी धरला तरी तो पुरवू नका. ते वाळूवरचं चालणं त्याचं त्यालाच चालू द्या.

प्रश्न : जाळ्यात जिवंत कासव सापडलं तर?
— एक मच्छीमार वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : ओढू नका, तंगूस म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा मांसात आणखी रुततो. कासवाच्या अंगापासून दूर धरून जाळं कापा. दमलेलं असेल तर लगेच खोल पाण्यात ढकलू नका, बुडेल. सावलीत ठेवून पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जाळं कापावं लागलं तर नुकसान सोसायची गरज नाही : संरक्षित सागरी प्राणी सोडवताना कापलेल्या जाळ्यासाठी राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. त्यासाठी जाळ्यातलं कासव, कापलेलं जाळं आणि कासव सोडतानाचा क्षण, असे तीन फोटो मोबाइलवर काढून ठेवा आणि वनखात्याच्याच कांदळवन कक्षाकडे अर्ज करा.